गेलेल्या वर्षांची भरपाई कोण करणार?

वाण्याने वजनात मारले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानाची पायरी चढते. नुकसान होते ते चार पैशांचे आणि ते भरून निघते. शिक्षणाच्या बाजारात फसलेल्या तरुणाचे तसे नाही. त्याने शुल्काबरोबर आयुष्याची दोन-तीन वर्षे मोजलेली असतात, आणि नोकरीची वयोमर्यादा त्याच्यासाठी थांबून राहत नाही. म्हणूनच या फसवणुकीचा विचार सामान्य व्यापारी लबाडीहून वेगळ्या गांभीर्याने व्हावयास हवा.

पाटण्याच्या एका दंतवैद्यक महाविद्यालयाचे प्रकरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. आपण मगध विद्यापीठाशी संलग्न असून भारतीय दंत परिषदेची आपणास मान्यता आहे, अशी जाहिरात या संस्थेने १९९३ साली दिली. वास्तविक दोहोंपैकी एकही गोष्ट खरी नव्हती. परीक्षाच होईनात, तेव्हा विद्यार्थ्यांना सत्य उमगले. अकरा जणांनी दाद मागितली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००० साली त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो २००९ साली कायम केला. न्याय मिळाला खरा. पण प्रवेश घेताना विशीत असलेले हे विद्यार्थी तोवर पस्तिशीच्या आसपास पोहोचले होते. शिवाय प्रत्येक फसलेल्या विद्यार्थ्यापाशी इतकी वर्षे झुंजण्याचे बळ असतेच असे नाही.

अशा संस्थांना धाक वाटावा, अशी शिक्षा तरी कायद्याने ठेवली काय? विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा १९५६ चा. अधिकार नसताना पदव्या वाटणाऱ्यांस त्याच्या चोविसाव्या कलमाने ठरविलेली शिक्षा म्हणजे जास्तीत जास्त एक हजार रुपये दंड. त्या काळी हजार रुपये ही मोठी रक्कम होती. पुढे शुल्क लाखांच्या घरात गेले, पण दंडाच्या आकड्याकडे दशकानुदशके कोणी लक्ष दिले नाही. आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो आणि त्याच त्या नावांची पुनरावृत्ती वर्षानुवर्षे होत राहते, यात नवल ते काय?

विद्यार्थी हा ‘ग्राहक’ आहे की नाही, हाही वाद आहे. जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने शिक्षणसंस्थांना ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. खासगी शिकवणी वर्गांना मात्र ही सवलत दिली नाही. शिक्षण ही विक्रीची वस्तू नव्हे, या विचारामागील तत्त्व आदरणीय आहे. परंतु संस्थाच जेव्हा गुळगुळीत माहितीपत्रके छापून विद्यार्थी ओढू लागते, तेव्हा तिने ज्ञानदानाच्या पावित्र्याची ढाल पुढे करावी, हे न्यायाला धरून नाही.

शिकवणी वर्गांचा प्रश्न महाराष्ट्राला विशेष जिव्हाळ्याचा. शेत गहाण टाकून मराठवाड्यातील, विदर्भातील मुले पुण्याच्या पेठांत स्पर्धा परीक्षांसाठी येतात आणि यशस्वी उमेदवारांची छायाचित्रे पाहून वर्ग निवडतात. त्या उमेदवारांपैकी अनेकांनी त्या वर्गात केवळ मुलाखतीपूर्वीचे, पुष्कळदा विनामूल्य, मार्गदर्शन घेतलेले असते. जाहिरातीत मात्र यशाचे सारे श्रेय वर्गाचे! २०१९ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ही चलाखी उघड करून अनेक वर्गांना दंड केला. नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उमेदवाराने निवडीनंतर लेखी संमती दिल्याखेरीज त्याचे छायाचित्र वापरता येत नाही, आणि त्याने कोणता अभ्यासक्रम घेतला तेही सांगावे लागते.

पाऊल स्तुत्य आहे, परंतु अपुरे आहे. पहिल्या गुन्ह्यास या दंडाची कमाल मर्यादा दहा लाख रुपये. मोठ्या वर्गाच्या वार्षिक उत्पन्नात ती रक्कम सहज जिरते. शिवाय दंड भरला गेला तरी त्यातील एक पैही फसलेल्या मुलाच्या हाती पडत नाही. त्याने आपली लढाई स्वतंत्रपणे लढावयाची!

‘विद्यार्थ्यांनीच डोळे उघडे ठेवावेत,’ असा उपदेश या ठिकाणी हमखास केला जातो. परंतु मान्यतेची कागदपत्रे असतात संस्थेच्या कपाटात. ज्याच्यापाशी माहिती आहे, त्यानेच ती सिद्ध केली पाहिजे. मान्यतेचा क्रमांक व मुदत प्रत्येक जाहिरातीत छापणे सक्तीचे करावे. दंडाचे प्रमाण गोळा केलेल्या शुल्काशी जोडावे. दोष सिद्ध होताच शुल्क व्याजासह परत करण्याचा आदेश त्याच निर्णयात असावा, आणि वाया गेलेल्या वर्षांचीही भरपाई त्यात धरावी. वर्षभराचे शुल्क एकरकमी घेण्याची प्रथाही बंद व्हावी.

वृत्तपत्रांनाही हात झटकता येणार नाहीत. नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात छापलेल्या जाहिरातीबद्दल कायदा प्रकाशकास सूट देतो. सदसद्विवेकबुद्धीने ती द्यावी काय? फसव्या संस्थांवर लेख आणि शेजारच्याच पानावर त्यांची जाहिरात, ही विसंगती वाचकांच्या नजरेतून सुटत नाही.

ग्राहक चळवळीची मुळे महाराष्ट्रात खोल आहेत. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये झाला, तर मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून कार्यरत आहे. या जागृतीचा लाभ विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविणे शिक्षकांच्या आणि सुशिक्षित नोकरदारांच्या हाती आहे. पावती, माहितीपत्रक आणि जाहिरातीचे कात्रण जपून ठेवा, एवढे जरी त्यांनी गावाहून शहरात निघालेल्या मुलास बजावले, तरी उद्या त्याचा पुरावा उभा राहील. शुल्क परत मिळविता येते. गेलेले वर्ष परत आणण्याची सत्ता कोणत्याही न्यायालयास नाही. म्हणूनच निवाडा त्वरित हवा आणि शिक्षा अशी हवी, की लबाडीचा सौदा आतबट्ट्याचा ठरावा.