भावाला सरकार, रोगाला कोण?

ऑगस्ट २०२३ मध्ये टोमॅटो स्वस्त करण्यासाठी केंद्र सरकारने अखेर नेपाळला साकडे घातले. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत, तेही अविश्वास ठरावावरील चर्चेत, ही घोषणा केली आणि पहिला माल वाराणसी, लखनौ, कानपूरला उतरेल हेही सांगून टाकले. त्याआधी जवळपास महिनाभर एनसीसीएफ आणि नाफेड या सहकारी संस्थांच्या गाड्या दिल्लीत टोमॅटो विकत फिरत होत्याच; आधी ९० रुपये किलो, मग ८०, मग ७०. ग्राहक व्यवहार खात्याने तर ‘टोमॅटो ग्रँड चॅलेंज’ नावाची स्पर्धाच लावली होती. विद्यार्थ्यांनी आणि नवउद्योजकांनी कल्पना पाठवायच्या, मग टोमॅटोचे काय करायचे ते ठरणार होते. भावासाठी एवढी धावपळ. ज्या विषाणूंनी उन्हाळी टोमॅटोचे प्लॉटच्या प्लॉट बसवले, त्यांचे नाव मात्र या घोषणांत औषधालाही सापडत नाही. भाव शंभरी ओलांडतो तेव्हा सरकारला टोमॅटो दिसतो. मार्च-एप्रिलमध्ये शेंडे आखडतात, पाने गोळा होतात, तेव्हा तो कोणालाच दिसत नाही.

उत्पादन घटायला त्या वर्षी इतरही कारणे होती. अवकाळी पाऊस झाला, नंतर उकाड्याने फुले गळाली. मे महिन्यात किलोला दोन-तीन रुपयेही मिळेनात म्हणून अनेकांनी उभे प्लॉट सोडून दिले. हे सगळे मान्य. पण जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले या पट्ट्यातला उत्पादक पहिल्यापासून एकच गोष्ट सांगतो आहे: व्हायरसने माल नेला. असे फळ पिकताना एकसारखे लाल होत नाही. एका बाजूला लाल, मध्ये पिवळा पट्टा, देठाकडे हिरवट. कापले तर आतला गर पांढरट आणि कडक. नारायणगावच्या बाजारात क्रेट पालथा केला की व्यापाऱ्याचा हात आधी अशा फळांकडे जातो आणि अख्ख्या लॉटचा भाव पाडायला तेवढे निमित्त पुरते. जुलैत चांगल्या मालाचा वीस किलोचा क्रेट दोन हजारांवर गेला, तेव्हा वाहिन्यांना टोमॅटोने करोडपती झालेला शेतकरी सापडला. ज्यांच्याकडे विकायला क्रेटच उरले नव्हते, त्यांच्या बांधावर एकही कॅमेरा गेला नाही. भाव मुळात चढले ते या रिकाम्या क्रेटांमुळेही, हे साधे गणित दिल्लीला नको आहे.

सरकारला हा रोग नवा असता तर एकवेळ समजून घेता आले असते. मे २०२० मध्ये, ऐन टाळेबंदीत, याच पट्ट्यात तो ‘तिरंगा’ या नावाने गाजला. शेतकऱ्यांचा पहिला संशय बियाण्यावर गेला. कोरोनाने धास्तावलेल्या वातावरणात टोमॅटोतला विषाणू माणसाला बाधतो अशी आवई उठली आणि उरलासुरला मालही पडून राहिला. वनस्पतींचा हा विषाणू माणसाला काहीही करत नाही, हे सांगण्यातच निम्मा हंगाम गेला. नमुने बेंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेकडे गेले. तिथून उत्तर आले: प्रामुख्याने काकडीवरचा मोझॅक विषाणू, म्हणजे सीएमव्ही, आणि जोडीला आणखी दोन विषाणू. २०२३ पर्यंत त्याला तीन वर्षे झाली होती. राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, खुद्द नारायणगावात कृषी विज्ञान केंद्र आहे, शास्त्रज्ञ बोलावले तर प्लॉटवर येतातही. पण पान दिले आणि आठ दिवसांत विषाणूचे नाव लिहिलेला कागद परवडेल अशा दरात हाती आला, अशी व्यवस्था तालुक्याच्या गावी तोवरही नव्हती. मातीचा नमुना तपासून देणारे सरकार पानाचा नमुना का तपासून देत नाही?

आणि हे नाव कळणे म्हणजे काही शास्त्रज्ञांची हौस नव्हे. पुढचा सगळा खर्च त्यावर ठरतो. पाने गोळा करणारा विषाणू पांढरी माशी आणते. तिच्या अंगात तो एकदा शिरला की ती मरेपर्यंत तो वाहते. शेंडेमर आणणारा विषाणू फुलकिड्यांचा. त्याची लागण पिल्लू असताना होते आणि पसरवतात ती पंख फुटलेली फुलकिडी. सीएमव्हीचा वाहक मावा, आणि त्याची तऱ्हा सर्वांत वाईट. मावा रोगट पानावर बसतो, सोंड टोचून चव बघतो, झाड पसंत पडले नाही तर उडतो आणि पुढच्या झाडावर पुन्हा टोचून बघतो. एवढ्या काही सेकंदांच्या चाचपणीत विषाणू या झाडावरून त्या झाडावर गेलेला असतो. कीटकनाशकाने मावा मरायला याहून जास्त वेळ लागतो. उलट फवारणीने तो बिथरतो आणि जास्त झाडांवर बसतो. म्हणजे जो शेतकरी सीएमव्ही आल्यावर दर चौथ्या दिवशी पंप पाठीला लावतो, तो पैसे घालून रोग पसरवत असतो. टोमॅटो मोझॅकचा विषाणू तर किडीने येतच नाही. तो बियाण्यातून, हातातून, कात्रीतून जातो. तिथे फवारणीपेक्षा साबणाचे पाणी उपयोगी. चार रोग, चार उपाय. शेतकऱ्याच्या डायरीत मात्र या सगळ्यांना एकच नाव आहे, ‘व्हायरस’, आणि एकच उपाय आहे, फवारणी.

हा उपाय सांगतो कोण? कृषी सहायकाच्या वाट्याला गावे अनेक आणि पोर्टलवरच्या नोंदी त्याहून जास्त, त्यामुळे तो भेटणे हाच योग. राहतो कृषी सेवा केंद्राचा दुकानदार. शेतकरी मोबाइलमधला पानाचा फोटो काउंटरवर ठेवतो. दुकानदार फोटोकडे निमिषभर आणि उधारीच्या वहीकडे जरा जास्त वेळ बघतो आणि तीन बाटल्या पुढे सरकवतो: एक कीटकनाशक, एक ‘टॉनिक’ आणि एक खास व्हायरससाठी. झाडात शिरलेला विषाणू मारणारे औषध शेतकऱ्याला विकत मिळत नाही, कारण असे औषधच नाही. हे प्रत्येक कृषी पदवीधराला माहीत आहे. तरीही विषाणूचे नाव मिरवणाऱ्या बाटल्या राजरोस विकल्या जातात. जैव उत्तेजके २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आणली, तेव्हा हा बाजार आवरेल असे वाटले होते. बाटल्या गेल्या नाहीत, फार तर लेबले बदलली. एकरी लाख-दीड लाख घालून, वर बांबू, तार, मल्चिंग, ठिबकचा खर्च करून उभ्या केलेल्या प्लॉटमध्ये असल्या बाटल्यांवर आणखी हजारो रुपये जातात. गुणनियंत्रणाच्या नावाने कृषी खात्यात माणसे आहेत. ती बाटल्या तपासतात की दुकानाचा परवाना भिंतीवर लावला आहे की नाही एवढेच बघतात?

रोगाचे दुसरे दार रोपवाटिका. आज एकरी पाच-सहा हजार रोपे विकत आणण्याचीच पद्धत आहे. ज्या रोपवाटिकेत चाळीस-पन्नास मेशची कीडरोधक जाळी नाही, दार दिवसभर सताड उघडे आहे आणि शेजारीच मिरचीचा जुना प्लॉट माशीने भरला आहे, तिथले रोप रोग घेऊनच ट्रेमधून निघते. ते हिरवेगार दिसते. लागण दिसायला दोन-तीन आठवडे जातात आणि तोवर रोपवाटिकाचालक हात वर करायला मोकळा. महाराष्ट्रात रोपवाटिकांसाठी कायदा आहे, १९६९ सालचा. पण तो फळरोपांचा. आंब्याचे कलम विकायला परवाना लागतो. टोमॅटोची लाख रोपे विकणाऱ्याला त्या कायद्याचा धाक नाही. २०२० मध्ये राज्य सरकारने पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना आणली, निम्मे अनुदान दिले, चांगले केले. पण अनुदानाने शेडनेट उभे राहते, जबाबदारी उभी राहत नाही. रोगट रोप विकले तर भरपाई कोण देणार, या प्रश्नाला योजनेत उत्तर नाही आणि कायद्यात भाजीपाल्याला जागा नाही.

आता येऊ मुख्य मुद्द्यावर, जो सरकारला सर्वांत अडचणीचा आहे. किडीने पसरणारा विषाणू एकट्या शेतकऱ्याला आवरता येत नाही. एका घराने धुरी केली म्हणून गल्लीतला डेंग्यू जात नाही, तसेच हे. एकाने कडेला मक्याच्या दोन ओळी लावल्या, चंदेरी मल्चिंग अंथरले, रोपांवर क्रॉप कव्हर टाकले, पिवळे-निळे चिकट सापळे लावले, पहिल्या महिन्यात रोगट झाड दिसताच उपटून गाडले. आणि शेजाऱ्याने संपलेला प्लॉट तसाच उभा ठेवला, तर पहिल्याची मेहनत पाण्यात. नारायणगाव पट्ट्यात वर्षातला एकही महिना असा नसतो की टोमॅटो, मिरची, काकडी, दोडका यांपैकी काहीच रानात नाही. माशी आणि मावा यांना बारमाही पंगत आहे. ती मोडायची तर सगळ्यांनी एकाच वेळी मोडावी लागते आणि सगळ्यांना एकाच वेळी थांबवण्याचे बळ फक्त सरकारात असते. डॉमिनिकन प्रजासत्ताक या छोट्या देशात १९९०च्या दशकात पांढऱ्या माशीच्या विषाणूने टोमॅटोचा प्रक्रिया उद्योग बुडायला आला होता. त्यांनी वर्षातले तीन महिने माशीला पोसणारी पिके लावायला कायद्याने मनाई केली आणि टोमॅटो परत उभा केला. एवढ्या लांब जायचेही कारण नाही. गुलाबी बोंड अळीची साखळी तुटावी म्हणून १ जूनपूर्वी कापसाचे बियाणे शेतकऱ्याला विकू नये, असा आदेश आपल्याच राज्य सरकारने काढला होता. कापसाला जे सुचते ते भाजीला का सुचत नाही? कापसामागे गिरण्या आहेत, बियाणे कंपन्या आहेत, विदर्भाचे राजकारण आहे. भाजीमागे आहे तो सकाळी टेम्पो भरून बाजार गाठणारा माणूस. त्याचे शिष्टमंडळ मंत्रालयात जात नाही.

ही हेळसांड आजची नाही. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या रोगाची, शेतकरी ज्याला हळद्या म्हणतो त्याची, पहिली नोंद कुलकर्णी नावाच्या शास्त्रज्ञाने जुन्या मुंबई इलाख्यात १९२४ साली केली. २०२४ मध्ये तिची शंभरी झाली. परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी रानभेंडीच्या संकरातून ‘परभणी क्रांती’ हे वाण काढले आणि १९८०च्या दशकात भेंडी वाचवली. पुढे विषाणूने रूप बदलले आणि त्या वाणाचीही धार बोथट झाली. विषाणू थांबत नसतात; संशोधन थांबते. आज कृषी विद्यापीठांतल्या रिकाम्या खुर्च्या मोजाव्यात आणि मग नव्या वाणाची अपेक्षा करावी. तिकडे जळगावात हाच सीएमव्ही केळीत हरण्या बनून आला आणि रावेर, यावलच्या शेतकऱ्यांनी बागाच्या बागा उपटून फेकल्या. विषाणू तोच, मावा तोच, सरकारची झोपही तीच.

नुकसान झाल्यावर तरी हात मिळतो का? २०२३ मध्ये एक रुपयात पीकविमा दिल्याचा केवढा गाजावाजा झाला. खरिपाच्या त्या यादीत १४ पिके होती, कांदा होता, टोमॅटो नव्हता. आपत्ती निवारणाच्या निकषांत ‘कीड हल्ला’ नैसर्गिक आपत्ती म्हणून नोंदलेला आहे. यातले बहुतेक विषाणू किडीच आणतात. मग पंचनाम्याची वेळ आली की हा ‘रोग’ कसा ठरतो? गारपीट झाली की मंत्री बांधावर जातात, कारण गारा फोटोत दिसतात. मावा दिसत नाही.

खरे दुखणे इथे आहे. आपले शेतीचे धोरण ग्राहकाच्या ताटापासून सुरू होते आणि तिथेच संपते. टोमॅटो दोन रुपयांवर आला तेव्हा रस्त्यावर लाल चिखल झाला. कोणाला स्पर्धा भरवावीशी वाटली नाही. तो दीडशेवर गेला तेव्हा आठवड्याला एक निर्णय. त्याच ऑगस्टमध्ये कांद्याने जरा मान वर केली तर तीन लाख टनांच्या राखीव साठ्यातला माल बाजारात सोडायचा निर्णयही होऊन गेला. भाव पाडण्याचे हे कसब सरकारला चांगलेच साधले आहे. पण आयातीने, साठ्याने, सवलतीच्या गाड्यांनी एकही झाड निरोगी होत नाही. झाड निरोगी नसेल तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हेच: आधी मातीमोल भाव, मग व्हायरस, मग टंचाई, मग आयात.

राज्याच्या कृषी खात्याला जुलै २०२३ मध्ये धनंजय मुंडे हे नवे मंत्री मिळाले होते. कृषिमंत्र्याने करण्यासारखे बरेच आहे आणि त्यासाठी कुठलीही स्पर्धा भरवावी लागणार नाही. भाजीपाल्याच्या रोपवाटिका कायद्याखाली आणाव्यात आणि रोगट रोपाची भरपाई विक्रेत्यावर टाकावी. विषाणूच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बाटल्या दुकानांतून उचलाव्यात. नारायणगाव, संगमनेर, पिंपळगाव बसवंत इथे पान तपासून देणारी प्रयोगशाळा उभी करावी. टोमॅटो विम्यात घ्यावा. आणि शेतकऱ्यांशी बसून, त्यांच्या सोयीचा काळ ठरवून, वर्षातले काही आठवडे तरी सलग पट्टे मोकळे ठेवण्याचा आदेश काढावा. त्या काळापुरती मदतही द्यावी, कारण रिकाम्या रानाचे कर्जही वाढतच असते. उन्हाळी टोमॅटोची रोपे जानेवारीत ट्रेमध्ये पडतात. हे सगळे त्याआधी होऊ शकते. होणार नसेल, तर पुढच्या मे महिन्यात निदान बियाण्याला, हवामानाला आणि शेतकऱ्याच्या अडाणीपणाला दोष देऊ नये. दोषी कोण, हे आताच लिहून ठेवलेले बरे.