सोयाबीनची कैफियत

सोयाबीनमध्ये जेनिस्टीन नावाचे द्रव्य आहे, ते प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींची वाढ रोखते, जपानी पुरुष पिढ्यान्‌पिढ्या तोफू खात आले आणि त्यांच्यात हा रोग पाश्चात्त्यांच्या मानाने कमी आढळतो, सबब सोयाबीनच्या अर्काच्या गोळ्या घेणाऱ्याने शस्त्रक्रियेची वा किरणोपचाराची घाई करू नये, असा युक्तिवाद हल्ली बेलाशक केला जातो. त्यातील पहिली तीन विधाने खरी असल्यामुळेच चौथे खपून जाते, आणि म्हणून त्याचा समाचार घेणे अगत्याचे आहे.

जेनिस्टीनची कीर्ती निराधार नाही. पेशीच्या पृष्ठभागावर येऊन थडकलेला वाढीचा हुकूम आत पोचविणाऱ्या टायरोसीन कायनेज या विकरांना ते अडविते, हे जपानी संशोधकांनी १९८७ साली दाखविले. पुढे रुग्णाच्या लसिकाग्रंथीतून मिळविलेल्या ‘एलएनकॅप’ आणि हाडातून मिळविलेल्या ‘पीसी-३’ या पेशीवंशांवरही त्याचे प्रयोग झाले. प्लास्टिकच्या तबकडीच्या तळाला चिकटून वाढणाऱ्या या पेशींवर, पाण्यात जेमतेम विरघळणारे जेनिस्टीन दुसऱ्या द्रावकात विरघळवून सोडले की त्यांचे विभाजन मंदावते आणि काही पेशी मरतातही. परंतु हा परिणाम घडविण्यासाठी बहुधा लिटरमागे १० ते १०० मायक्रोमोल इतकी मात्रा लागते. सोयाबीन आवडीने खाणाऱ्याच्या रक्तात ती काही थोड्या मायक्रोमोलच्या पलीकडे क्वचितच जाते. शिवाय आतडे आणि यकृत त्याला ग्लुक्युरॉनिक आम्लाची किंवा सल्फेटची जोड देऊन त्यातले बहुतेक निष्प्रभ करून टाकतात. तबकडीला यकृत नसते, ही साधी गोष्ट जाहिरात लिहिणाराच्या ध्यानी येत नाही, किंवा येऊनही सोयीस्कर वाटत नाही.

जपान्यांचा दाखलाही वाटतो तितका सरळ नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपान्यांत हा रोग वाढला हे खरे. पण त्यांनी सोडले ते केवळ तोफू नव्हे, आहारातील चरबी, वजन, कामाची तऱ्हा आणि रोगतपासणीची पद्धत, सारेच पालटले. खुद्द जपानात चाळीस हजारांहून अधिक पुरुषांच्या पाहणीत, २००७ साली, प्रोस्टेट ग्रंथीपुरता मर्यादित कर्करोग सोयाबीन खाणाऱ्यांत कमी दिसला, पण पसरलेल्या कर्करोगाबाबत मात्र तसे आढळले नाही.

निर्णायक पुरावा अमेरिकेतील २०१३ सालच्या चाचणीचा. ग्रंथी काढून टाकलेल्या, पण रोग उलटण्याचा धोका मोठा असलेल्या १७७ पुरुषांपैकी काहींना रोज २० ग्रॅम सोया-प्रथिन आणि इतरांना दुधातील प्रथिन, असे दोन वर्षे देण्याची तजवीज होती. रोग उलटण्याचे प्रमाण एका गटात २७.२ टक्के, दुसऱ्यात २९.५ टक्के भरले. हा फरक गणनेत धरण्याजोगा नव्हता, आणि लाभाची आशा न उरल्याने चाचणी मुदतीआधीच थांबविण्यात आली.

पण म्हणून सोयाबीनला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणाऱ्या दुसऱ्या पक्षाचेही मी ऐकणार नाही. त्यातील द्रव्ये स्त्रीसंप्रेरकासारखी, तेव्हा पुरुषाने ते वर्ज्य करावे, ही भीती २०१० सालच्या संकलित विश्लेषणाने निकालात काढली: पुरुषांतील टेस्टोस्टेरॉनच्या पातळीवर त्याचा लक्षणीय परिणाम होत नाही. लातूरकडच्या सोयाबीनचे तेल गाळले की ही द्रव्ये तेलात जवळजवळ उतरतच नाहीत, ती पेंडीतच राहतात. त्या पेंडीच्या पिठाची वडी रश्श्यात घालून खाणाऱ्याला स्वस्त आणि उत्तम प्रथिन मिळते, आणि अन्नाची शिफारस करायला एवढे कारण मला पुरेसे वाटते.

शिवाय २०१३ सालच्या त्या चाचणीने एका प्रश्नाचा निकाल दिला, सर्व प्रश्नांचा नव्हे. ती सुरू झाली रोग जडून ग्रंथी गेल्यानंतर. बालपणापासून सोयाबीन खाल्ल्याने रोग मुळातच टळतो काय, हे तिला विचारलेच नव्हते. आणि सोयाबीन साऱ्यांच्या पोटी सारखे वागत नाही: त्यातील डेडझीन या दुसऱ्या द्रव्यापासून काहींच्याच आतड्यातील जंतू इक्वॉल नावाचे द्रव्य तयार करतात, इतरांचे करीत नाहीत. तेव्हा यापुढील चाचणीत माणसे निवडतानाच कोणाच्या पोटी इक्वॉल बनते याची नोंद आधी व्हावयास हवी.