कौतुकाची किंमत

पंचगंगेचा पूल ओलांडून महामार्गाने पुण्याच्या दिशेने निघाले की शिरोलीची औद्योगिक वसाहत लागते. येथील फौंड्रींमध्ये आणि यंत्रशाळांमध्ये भिंतीवर एक फलक हमखास आढळतो. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके असे पाच जपानी शब्द, आणि त्यांच्यापुढे त्यांचा अर्थ : नको ते काढा, हवे ते जागेवर ठेवा, स्वच्छता राखा, ती नित्याची करा, शिस्त अंगी बाणवा. यांपैकी निदान तीन गोष्टी कोणत्याही मराठी गृहिणीने जपानचे तोंड न पाहता सांगितल्या असत्या. तरीही त्या जपानी भाषेतून भिंतीवर चढल्या याला हसण्याचे कारण नाही. वाळू, काजळी आणि तापलेल्या लोखंडाचा रस यांच्या संगतीत जेथे पाळी काढावयाची असते, तेथे हवी ती वस्तू हव्या त्या जागी असणे ही हौसेची बाब नव्हे. कित्येकदा तो जिवाचा प्रश्न असतो. विचार करावयाचा तो एवढाच की, फलक टांगून झाल्यावर पुढे काय होते?

परदेशांविषयी बोलण्याच्या आपल्या समाजात दोन रीती पडून गेल्या आहेत. सहलीहून परतलेला गृहस्थ तेथील रस्ते, शौचालये आणि वेळेवर धावणाऱ्या आगगाड्या यांचे वर्णन करता करता स्वदेशाला दूषणे देऊ लागतो. त्याचे ऐकून चिडलेला दुसरा गृहस्थ हे सारे आपल्याकडे पूर्वीच होते, असे सांगून मोकळा होतो. दोघांचे भांडण मोठे असले तरी एका गोष्टीत त्यांचे एकमत असते : दोघांनाही करावयाचे काही उरत नाही. पहिल्याच्या मते येथे काही होणे नाही, दुसऱ्याच्या मते सर्व काही होऊन गेले आहे.

शिरोलीतील कामगाराला या दोन्ही चैनी परवडत नाहीत. त्याच्या हातातील व्हर्निअरला नाव आहे ते पिएर व्हर्निए या फ्रेंच गणितज्ञाचे. त्याने आपली मोजमापाची युक्ती १६३१ साली प्रसिद्ध केली. कास्टिंगचा कठीणपणा तो 'ब्रिनेल'मध्ये सांगतो. योहान ऑगस्ट ब्रिनेल हा स्वीडनचा अभियंता, आणि पोलादी गोळी धातूवर दाबून उमटलेला खळगा मोजण्याची त्याची पद्धत १९०० सालची. जुन्या बोल्टांचे आटे इंग्लंडच्या व्हिटवर्थने १८४१ मध्ये घालून दिलेल्या मापांचे. ज्या 'एसजी' लोखंडावर येथील कित्येक फौंड्री चालतात, त्याचे मूळ अमेरिकेतील कीथ मिलिस याच्या १९४३ च्या प्रयोगात आहे. वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम मिसळले तर त्यातील ग्राफाइट पापुद्र्यांऐवजी बारीक गोळ्यांच्या रूपाने जमते, आणि एरवी घाव बसताच तडकणारे बीड वाकण्याइतके चिवट होते. एका पाळीत चार-पाच देशांची विद्या कामगाराच्या हाताखालून जाते. त्याने त्या देशांचे पोवाडे गायलेले नसतात. पण मापात चूक झाली की माल परत येतो, हे त्याला ठाऊक असते. आदर व्यक्त करण्याचा याहून प्रामाणिक मार्ग सहसा आढळत नाही.

कोल्हापूरला ही विद्या आयती मिळालेली नाही. उसाला पाणी देण्यासाठी आणि गुऱ्हाळांसाठी आलेली विलायती ऑईल इंजिने बिघडू लागली, तेव्हा त्यांची दुरुस्ती करता करता येथील मिस्त्री सुटे भाग घडवू लागले, पुढे ते भाग ओतू लागले आणि अखेरीस अखंड इंजिनच बनवू लागले. उद्यमनगरातील या उद्योगाचा विस्तार शिरोलीपर्यंत पोहोचला. बाबूराव पेंटर यांनी दामले यांच्या साह्याने चित्रपटाचा कॅमेरा कोल्हापुरातच तयार केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला, तेही याच वृत्तीने. त्याच्या आधी, १९०२ साली, शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेस गेले होते. साम्राज्याचे वैभव डोळ्यांसमोर असता, त्याच मुक्कामात, २६ जुलै रोजी त्यांचा आदेश करवीरच्या गॅझेटात प्रसिद्ध झाला : संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवाव्या. लंडनला गेलेल्या राजाचे लक्ष कोठे होते हे त्यावरून कळते.

ज्या जपानचे आज एवढे कौतुक होते, तो देश स्वतः दुसऱ्यांचे कौतुक करीतच वर आला, ही गोष्ट फलकावर लिहिलेली नसते. युद्धात बेचिराख झालेल्या त्या देशाने १९५० मध्ये, ज्यांनी आपल्याला हरविले त्याच अमेरिकेतील डेमिंग या संख्याशास्त्रज्ञाची व्याख्याने ठेवली आणि पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने पारितोषिक सुरू केले. टोयोटाच्या ताइची ओनोने अमेरिकेतील मोटारींच्या कारखान्यांइकीच तेथील किराणा भांडारांची पद्धत मोलाची मानली : गिऱ्हाईक उचलेल तेवढाच माल फळीवर पुन्हा भरावयाचा. या साध्या व्यवहारातून त्याने मोटार-उत्पादनाची नवी रीत उभी केली. मात्र त्या रीतीचा कणा निराळाच आहे. कामात दोष दिसताच साधा कामगारही दोरी ओढून सारी रांग थांबवू शकतो, आणि त्याबद्दल त्याला कोणी दरडावीत नाही. पाच शब्द भिंतीवर लावणे सोपे. ती दोरी कामगाराच्या हाती देणे मालकाला, आणि त्याहूनही सुपरवायझरला, जड जाते.

कौतुक नेमके सोयीच्या जागी थबकते, याचा दाखला शिरोलीच्या वेशीवरच आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या महापुराने शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, मालमोटारी दिवसेंदिवस रांगेत उभ्या राहिल्या. २०२१ च्या जुलैमध्ये त्याचीच पुनरावृत्ती झाली. असा पूर आला की हॉलंडचे नाव हटकून निघते. समुद्रसपाटीखालची जमीन कोरडी ठेवणारे लोक, त्यांचे बांध, त्यांची दारे! परंतु त्याच हॉलंडमध्ये १९९५ साली नद्यांच्या पुरामुळे सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली, आणि त्यानंतर तेथील शासनाने बांध उंचावत बसण्याऐवजी नदीलाच अधिक जागा देण्याचे धोरण स्वीकारले. ओव्हरडीप येथील शेतकऱ्यांनी तर आपण होऊन योजना मांडली : घरे व गोठे उंच टेकाडांवर नेऊ, महापुरात बाकीची जमीन पाण्याला सोडू. सर्वांना तेथे राहता येणार नव्हते. काही कुटुंबे पिढीजात जमीन सोडून दुसरीकडे गेली. हॉलंडच्या बांधांची तारीफ करणाऱ्या आपल्या सुशिक्षित वर्गात ही हकिकत फारशी सांगितली जात नाही. पूररेषेतील जमीन बांधकामासाठी मोकळी व्हावी म्हणून खटपट करणारा आणि हॉलंडचे गोडवे गाणारा, हे दोघे पुष्कळदा एकच असतात.

जर्मनीच्या बाबतीत हिशेब आणखी जवळचा आहे. 'जर्मन बनावटीचे' म्हटले की यंत्रशाळेत वाद संपतो. ते यंत्र ज्या हातांतून येते, त्यांची घडण मात्र कोणी पाहत नाही. जर्मनीत शाळेतून निघालेला मुलगा दोन ते साडेतीन वर्षे कारखान्यात उमेदवारी करतो, त्याबद्दल त्याला वेतन मिळते, आणि आठवड्यातील काही दिवस तो व्यवसायशाळेत शिकतो. १९६९ च्या कायद्याने ही पद्धत बांधून दिली आहे. त्यापुढे अनुभव व परीक्षा यांच्या बळावर त्याला 'माइस्टर' होता येते, आणि त्या पदवीला गावात मान असतो. आपल्याकडेही शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून, म्हणजे जर्मनीच्या आठ वर्षे आधीपासून, अस्तित्वात आहे. उणीव कायद्याची नाही. मुलगा आयटीआयला गेला हे सांगताना घरची माणसे आवाज खाली आणतात, आणि दोन-तीन इंजिनिअरिंग कॉलेजांत प्रवेश हुकल्यावरच ती वाट धरली जाते, अशी समजूत शिक्षकांच्या खोलीतही रूढ आहे. हुशार विद्यार्थ्याला कोणी शिक्षक आपण होऊन फिटर किंवा मोल्डर होण्याचा सल्ला दिल्याचे क्वचितच ऐकू येते.

२०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याबाबत करार केला. ज्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट, जेथे मर्सिडीझ आणि बॉश वाढल्या, त्या राज्याला आपल्या परिचारिका, वीजतंत्री आणि वाहनचालक हवे आहेत. करार झाला हे चांगलेच झाले. ज्यांना जावयाचे त्यांनी अवश्य जावे. पण कोल्हापूर जिल्ह्यातील जो तरुण उद्या तेथे हातात हत्यार घेऊन उभा राहील, त्याचे पेढे येथे गल्लीभर वाटले जातील, आणि तेच हत्यार हाती धरून शिरोलीच्या भट्टीपुढे उभा राहणारा त्याचा भाऊ सकाळी रात्रपाळीहून परतताना चौकात भेटला, तर ओळखीचे लोक त्याला एवढेच विचारतील, "अजून फौंड्रीतच आहेस होय?"