कंधारात समुद्र आणावा काय?

ज्या गावाच्या किल्ल्याजवळील जलाशयास 'जगत्तुंग समुद्र' असे नाव आहे, त्या कंधारच्या मुलांस खऱ्या समुद्राचे कुतूहल वाटावे यात नवल ते काय? आमच्या या जलाशयाचे पाणी गोडे आहे. खारा समुद्र येथून पश्चिमेस चारशे किलोमीटरांहूनही दूर. वर्गातील पुष्कळ मुलांनी तो अद्यापि पाहिलेला नाही. परंतु २००३ साली निघालेल्या एका अमेरिकन चित्रपटामुळे नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला 'निमो' मात्र घरोघरी परिचयाचा झाला आहे. शाळेच्या विज्ञानगृहात खाऱ्या पाण्याची लहानशी मत्स्यपेटी ठेवावी, अशी इच्छा विद्यार्थी बोलून दाखवितात. आणि 'हा श्रीमंती षोक आमच्या दुष्काळी मुलखात कशाला?' असे पालक विचारतात. दोन्ही पक्षांचे म्हणणे विचार करण्याजोगे आहे. आमचे मत असे की, पेटी अवश्य ठेवावी. मात्र तीत मासा सर्वांत शेवटी यावा, आणि उन्हाळ्याच्या सुटीत त्याची काळजी कोण घेणार हे ठरल्यावाचून तो मुळीच येऊ नये.

प्रथम पालकांच्या शंकेचा विचार करू. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले, ही गोष्ट मराठवाड्यात कोणी विसरलेले नाही. अशा मुलखात माशांसाठी पाणी खर्चणे शोभते काय? हिशेब करून पाहावा. लांबी ३० इंच, रुंदी १५ इंच व उंची १५ इंच एवढ्या पेटीत, वरची थोडी जागा मोकळी सोडली असता, सुमारे १०० लिटर पाणी राहते. आपल्याकडे विकत मिळणारे २० लिटरांचे पाच जार म्हणजे तितकेच पाणी. पुढे आठवड्यास १० लिटर, म्हणजे अर्धा जार, पाणी बदलावे लागते. आणि उडून गेलेल्या पाण्याची रोज थोडी भर घालावी लागते. कूपनलिकेचे जड पाणी या कामी चालत नाही, गाळून शुद्ध केलेले घ्यावे लागते. शुद्ध करताना जे पाणी यंत्रातून वाया जाते ते शाळेच्या झाडांस घालावे. एवढा खर्च एका शाळेस जड नाही. उलट रोज किती पाणी उडाले हे वहीत टिपून ठेवणाऱ्या मुलास उन्हाळ्यात आमच्या तळ्यांचे काय होते हे जितके कळेल, तितके ते धड्यातून कळणार नाही.

आता मुलांच्या उतावळेपणाचा विचार करावयाचा. बाजारातून पेटी आणावी, मीठ कालवावे, मासा सोडावा आणि संध्याकाळी तो पाहत बसावे, अशी अनेकांची कल्पना असते. असे केले असता बहुधा मासा थोड्याच दिवसांत मरतो. तो का मरतो हे नीट समजून घेणे हाच या सर्व खटाटोपातील खरा धडा होय.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत आपल्या ताटातील मीठ पुष्कळ असले तरी मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचे क्षारही ठराविक प्रमाणात असतात. म्हणून स्वयंपाकघरातील मीठ कालवून समुद्र होत नाही. त्यासाठी मुद्दाम सिद्ध केलेले सागरी क्षारांचे मिश्रण घ्यावे लागते. १०० लिटरांस ते साधारण साडेतीन किलो लागते. ते पेटीबाहेर बादलीत विरघळवून, घनतामापकाने १.०२५ च्या आसपास विशिष्ट गुरुत्व आले म्हणजे पाणी जमले असे समजावे. समुद्रातील माशाच्या अंगातील द्रव भोवतालच्या पाण्याहून कमी खारट असतो. त्यामुळे त्याच्या शरीरातील पाणी सतत बाहेर झिरपते. ते भरून काढण्यास तो समुद्राचे पाणी पितो व जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. गोड्या पाण्यातील माशाचे अगदी याच्या उलट असते. जगत्तुंग समुद्रातील मासा या पेटीत का जगणार नाही, आणि पेटीतील मासा तेथे का जगणार नाही, हे यावरून ध्यानात येईल.

परंतु पाणी खारे झाले म्हणजे सर्व झाले असे नव्हे. मासा जे खातो त्याची घाण होते, आणि त्याच्या कल्ल्यांतूनही अमोनिया बाहेर पडतो. हा अमोनिया विषारी आहे. अथांग समुद्रात तो पसरून जातो. काचेच्या चार भिंतींत त्यास जाण्यास वाट नसते. तेथे डोळ्यांस न दिसणारे जंतू उपयोगी पडतात. एका प्रकारचे जंतू अमोनियाचे नायट्राइट करितात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचे नायट्रेट करितात. नायट्राइटही घातक असते. नायट्रेट पुष्कळच सौम्य असून आठवड्यास पाणी बदलले की आवरते. ही जंतूंची वस्ती दगडांवर, वाळूत व फिल्टरमध्ये आपोआप वाढते, पण तिला सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत रिकाम्या पेटीत चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू द्यावयाचे आणि दर दोन-तीन दिवसांनी पाण्याची परीक्षा करावयाची. अमोनिया चढतो व उतरतो. मग नायट्राइट चढते व उतरते. दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागले म्हणजेच घर राहण्याजोगे झाले.

विद्यार्थिमित्रांनो, जून महिन्यात शाळा उघडताच पाणी भरावे आणि मासे दसऱ्याला आणावे, असे आम्ही सुचवितो. मधल्या काळात पेटीत पाहण्यासारखे काही नाही असे जो म्हणेल, त्याने परीक्षेचे आकडे आलेखाच्या कागदावर मांडून पाहावे. ज्यास रिकाम्या पेटीची निगा तीन महिने राखवत नाही, तो भरलेल्या पेटीची निगा तीन वर्षे राखील हे संभवत नाही.

नवशिक्याने पेटी जितकी लहान घ्यावी तितकी ती सोपी, असा एक गैरसमज सर्वत्र आहे. वास्तविक गोष्ट उलट आहे. पाणी उडते, पण क्षार मागे राहतात. २० लिटरांच्या पेटीतून एक लिटर पाणी उडाले तर लिटरमागे ३५ ग्रॅम असलेले क्षार जवळजवळ ३७ होतात. १०० लिटरांतून तितकेच उडाले तर ते ३५ च्या किंचित वर जातात. उरलेल्या खाद्याचा एक कण लहान पेटीत विष ठरतो, मोठीत पचून जातो. हवेचेही तसेच. या माशांस २४ ते २७ अंश सेल्सियस उष्णता मानवते, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तर पौषात रात्री चांगल्याच गारठतात. म्हणून थंडीत हीटर आणि उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा लहान पंखा ही दोन्ही हवीत. आमच्या कोरड्या हवेत पंख्याने पाणी काही अंश निवते, मात्र ते उडतेही अधिक. त्याची भर गोड्या शुद्ध पाण्यानेच घालावी, खाऱ्याने नव्हे. वीज गेली तर हवा पुरविणारा बॅटरीवरील पंप जवळ असावा. १०० लिटर पाण्याचे वजनच १०० किलो होते. वर काच व दगड यांचे निराळे. तेव्हा डुगडुगणाऱ्या बाकावर ती ठेवू नये, आणि ऊन पडते त्या खिडकीपाशीही ठेवू नये.

मासे कोणते आणावे? येथे आमचा आग्रह विशेष आहे. समुद्रातून धरून आणलेला मासा घेऊ नये; पेटीत जन्मलेलाच घ्यावा. फिलिपाइन्स व इंडोनेशिया या देशांत शोभेचे मासे धरण्यासाठी प्रवाळांत सायनाइड फवारण्याची दुष्ट चाल अनेक वर्षे चालली; त्याने मासे गुंगतात, पुष्कळ मरतात आणि प्रवाळही मरतात. आपला 'निमो', म्हणजे क्लाउन मासा, सुदैवाने माणसाच्या देखरेखीखाली प्रजा वाढविणाऱ्या माशांपैकी आहे. १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने भारतातही त्याची पैदास यशस्वी केलेली आहे. अशा दोन माशांची जोडी १०० लिटरांत सुखाने राहते. समुद्रफुलावाचून तो जगणार नाही ही समजूत खरी नाही. शत्रूच नसलेल्या पेटीत त्यास त्या आश्रयाची गरज नसते, आणि नवशिक्याच्या हाती समुद्रफूल बहुधा टिकत नाही. त्याच चित्रपटातील निळा मासा मात्र कोणी मागू नये. तो फूटभर वाढतो आणि त्यास पोहण्यास मोठी जागा लागते. प्रवाळाचे तुकडेही समुद्रकिनाऱ्यावरून कोणी आणू नयेत. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांस २००१ सालापासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. ते बाळगणे हा गुन्हा होतो. साधे सच्छिद्र दगड जंतूंच्या वस्तीस पुरेसे आहेत.

हा आग्रह भाबडेपणाचा आहे असे कोणास वाटेल, म्हणून एक जुनी हकीकत सांगतो. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले; त्याच्या उभारणीत फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. दुसऱ्या वर्षी त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिले. ते अतिशय भाविक गृहस्थ होते. समुद्रकाठच्या खळग्यांतील प्राणी लोकांनी पाहावे व सृष्टीचे कौतुक करावे, एवढाच त्यांचा हेतू. परंतु लोकांनी ते वाचले आणि टोपल्या घेऊन किनाऱ्याकडे धाव घेतली. त्यांचे चिरंजीव एडमंड गॉस यांनी १९०७ साली लिहिले आहे की, ते सुंदर खळगे अल्पकाळातच लुटले गेले आणि आपल्या लिखाणाने हे घडले याचे वडिलांस फार दुःख झाले. चांगल्या हेतूनेही हानी होते, ती अशी. पाहण्याची हौस आणि हिसकावून घेण्याची हौस यांत फार अंतर नाही. ते अंतर राखण्याची सवय मुलांस शाळेतच लागावी.

कोणी म्हणेल, मग मुंबईस नेऊनच मुलांस मासे का दाखवू नयेत? १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिले, आणि त्याचा आनंद आजोबा-आजी अजून सांगतात. अशा सहली अवश्य व्हाव्या. परंतु सहलीत मूल प्रेक्षक असते. पेटीजवळ ते जबाबदार असते. कंधारच्या मुलास हा दुसरा अनुभव घरबसल्या मिळू शकत असेल, तर तो का नाकारावा?

शेवटी जो मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सुटीचा. मुले एप्रिलअखेर मामाच्या गावी जातात, शिक्षक आपापल्या घरी जातात, आणि नेमक्या त्याच काळात उन्हाचा कहर होतो, वीज जाते, पाणी झपाट्याने उडते. आठ दिवस दुर्लक्ष झाले तर वर्षाची मेहनत वाया जाऊन दोन जीवांचे प्राण जातील. यासाठी गावात राहणाऱ्या सहा कुटुंबांनी आठवडे वाटून घ्यावे, आणि विद्यार्थ्याबरोबर पालकानेही त्या वहीवर सही करावी, अशी आमची सूचना आहे. पालकहो, वर्गणी देण्यापेक्षा ही सही अधिक मोलाची आहे. पुरेशा सह्या दसऱ्यापूर्वी झाल्या तर मासे आणावेत. न झाल्या, तर पेटीत खारे पाणी, दगड व जंतू एवढेच ठेवून यंदाचे वर्ष अभ्यासात घालवावे आणि पुढील वर्षी पुन्हा विचारावे. जो प्राणी आपल्या भरवशावर चारशे किलोमीटरांचा प्रवास करून येणार, त्याला आमंत्रण देण्यापूर्वी घरात माणूस आहे की नाही हे पाहून घेणे, एवढे तरी आतिथ्य आपण त्यास दाखविलेच पाहिजे.