रिपोर्टचा आकडा आणि पोटाचे दुखणे

पान पिवळे पडले की जाणता शेतकरी आधी कारण शोधतो. नत्र कमी पडले, लोह कमी पडले की मुळाशी पाणी साचले? घरातल्या बाईच्या दुखण्यालाही हीच रीत लावायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंडाशयाच्या कॅन्सरची शंका आली की सीए-१२५ ही रक्ततपासणी सांगतात. साधारणपणे ३५ युनिटपर्यंतचा आकडा ठीक मानतात. कागदावर ८० आले की घरात रडारड होते, २० आले की सगळे निर्धास्त. दोन्ही चूकच.

आकडा वाढायला कारणे पुष्कळ. पाळीचे दिवस, गरोदरपण, गर्भपिशवीतल्या गाठी, ओटीपोटातला जंतुसंसर्ग, लिव्हरचा आजार. पोटाच्या टीबीतही पोटात पाणी होऊन आकडा शेकड्यांत जाऊ शकतो, आणि हा टीबी औषधांनी बरा होतो. उलट, कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असताना जवळपास निम्म्या बायकांत आकडा वाढलेलाच नसतो. म्हणून काही त्रास नसताना नुसत्या खात्रीसाठी ही तपासणी करायला डॉक्टर सहसा सांगत नाहीत. पाळी गेलेल्या बाईत मात्र वाढलेला आकडा जास्त गंभीरपणे घ्यावा लागतो.

मग लक्ष कशावर ठेवायचे? पोट सारखे फुगलेले राहणे, दोन घासांत पोट भरणे, पोटात किंवा ओटीपोटात दुखणे, लघवीला वारंवार किंवा घाईने लागणे. हा त्रास नव्याने सुरू झाला असेल आणि महिन्यातून १२ पेक्षा जास्त वेळा होत असेल, तर थांबू नये. वय पन्नाशीपुढे असेल तर मुळीच नाही. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेले तरी लगेच दाखवावे. आई, बहीण, मावशी, आत्या यांना अंडाशयाचा किंवा स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावे. डॉक्टर तपासतील, सोनोग्राफी करतील, आणि मगच रक्ताच्या आकड्याला अर्थ येईल. पक्के निदान होते ते गाठीच्या तुकड्याच्या तपासणीतून.

बैलाने एक दिवस चारा सोडला तर आपण डॉक्टरला गोठ्यात बोलावतो. कारभारीण महिनाभर अर्धी भाकरी खाऊन उठते, ते मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. तीही म्हणते, गॅस झालाय, ओवा खाते. वेचणी उरकू दे, मग बघू. या 'मग बघू'मध्येच आजार पुढे सरकतो.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना विनंती, की पुढच्या महिला ग्रामसभेत आरोग्यसेविकेला बोलवा आणि ही लक्षणे मोठ्याने वाचून घ्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे, हेही तिथेच सांगा. आणि शेतकरी बंधूंनो, आज घरी गेल्यावर एवढे विचारा: "जेवण जातंय का नीट?"