थोडे स्वर, पण बोलके

एका तरुण वाचकानें आमच्याकडे एक प्रश्न पाठविला आहे. तो इलेक्ट्रिक गिटार वाजवितो. आणि इतर वाद्यें पाठीशीं घेऊन एकट्यानें पुढें होऊन वाजवावयाचा जो भाग, ज्यास 'सोलो' म्हणतात, तो त्याच्याकडे असतो. हात वेगानें चालतो, स्वरपंक्ति पाठ आहेत, चूक होत नाहीं. तरी ऐकणाऱ्याच्या मनाला कांहीं लागत नाहीं. दोन वर्षें मेहनत केली, आतां वाद्य सोडून द्यावें काय, असें तो विचारतो. हें वाद्य आमच्या हातचें नव्हे; परंतु ज्यानें जन्मभर मुलांना श्लोक म्हणावयास शिकविलें, त्यास पाठांतर आणि म्हणणें यांतील अंतर ठाऊक असतें. त्या आधारावर चार शब्द सांगतों.

या वादनाचें मूळ अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या ब्ल्यूज गायनांत आहे. तेथील थोर वादक बी. बी. किंग (१९२५–२०१५) हे गातांना सहसा वाजवीत नसत आणि वाजवितांना गात नसत. कंठ थांबला कीं गिटार उत्तर देई. त्यांचें १९६९ सालचें 'द थ्रिल इज गॉन' ऐकावें. त्यांत स्वर थोडे आहेत. पण प्रत्येक ओळ एका श्वासांत मावेल एवढीच आहे. म्हणून पहिला नियम हा कीं, जें वाजवावयाचें तें आधीं गुणगुणावें. श्वास संपेल तेथें हातही थांबला पाहिजे.

दुसरी गोष्ट तार ओढण्याची. पडद्यावर दाबलेली तार बाजूस ओढली म्हणजे तिचा ताण वाढतो व स्वर चढतो. सतारीवरील मींड हीच. पण कोठवर चढवावयाचें हें कानास आधीं ठाऊक हवें. यासाठीं इष्ट स्वर प्रथम त्याच्या स्वतःच्या पडद्यावर वाजवून ऐकावा. मग दोन पडदे खालच्या स्वरावरून तार ओढून तेथें पोंचावें. तिसऱ्या बोटानें ओढतांना पहिलीं दोन बोटें त्याच्या मागें त्याच तारेवर टेकवावीं, म्हणजे बळ पुरतें. ब्ल्यूजची जी पांच स्वरांची पंक्ति, सा, कोमल ग, म, प आणि कोमल नि, ती आपल्या धानी रागाचीच. मात्र तेथें कोमल गंधार किंचित् चढवून शुद्धाच्या अलीकडे ठेवतात. आर्तता आहे ती त्या चिंचोळ्या जागेंत.

तिसरी गोष्ट कंपनाची. किंग यांचे नातलग बुका व्हाइट तारेवर नळी सरकवून वाजवीत. ती रीत किंग यांना साधली नाहीं. तेव्हां तो परिणाम त्यांनीं डाव्या हाताच्या बोटाच्या कंपनानें साधण्याचा प्रयत्न केला, आणि तेंच कंपन पुढें त्यांची ओळख ठरलें. स्वर लागतांच थरथर सुरू करूं नये. तो क्षणभर स्थिर उभा राहूं द्यावा, मग मनगटानें सारख्या गतीनें हलवावा.

चौथी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे यति. मंदाक्रांतेच्या चरणांत १७ अक्षरें. त्यांत चार, सहा आणि सात अशी विश्रांति घेतली नाहीं, तर मेघदूतासारखें काव्यही नुसता अक्षरांचा लोंढा होतें. ब्ल्यूजच्या १२ आवर्तनांचे चार-चारांचे तीन चरण पडतात. प्रत्येकाच्या पूर्वार्धांत गाणें आणि उत्तरार्धांत वाद्याचें उत्तर, ही रूढ घडण. वादकानें हे दोन्ही भाग आपणच भरून काढले, तर प्रश्न कोणता आणि उत्तर कोणतें?

याचा अर्थ वेग त्याज्य आहे असा नव्हे. बाणभट्टाच्या गद्यांत लांबलचक समासांच्या पाठोपाठ एखादें आंखूड वाक्य येतें, आणि दोन्ही एकमेकांमुळें शोभतात. द्रुत स्वरांचें तसेंच आहे; ते एका दीर्घ स्वरापाशीं येऊन पोंचावे.

घरांतील वडीलधाऱ्यांसही एक विनंति. हा परका गोंगाट म्हणून दार लावून घेऊं नका. ब्रिजभूषण काबरा यांनीं याच कुळांतील वाद्यावर राग वाजविले, आणि १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्यें संतूर व बांसरी यांच्या जोडीला तें शोभून दिसलें.

तर चिरंजीव, वाद्य सोडूं नका. दोन वर्षें फुकट गेलीं नाहींत. हात तयार झाला, आतां कान तयार करावयाचा. एक पंधरवडा तीनच स्वर घेऊन वाजवा, तें ध्वनिमुद्रित करा, आणि दुसऱ्या दिवशीं गिटार हातांत न घेतां ऐका. मग घरांतील कोणास, ज्यास या संगीताचा गंध नाहीं अशासच, त्यांतली एक ओळ ऐकवा. त्यानें ती सहज गुणगुणून दाखविली, तर ती बोलकी झाली असें समजावें.