हजारे बडोद्याला गेले, तेव्हा?



‘ट्रेड म्हणजे खेळाडूंचा बैलबाजार’ हे सांगलीच्या वाचकाचे पत्र वाचले. बैलाला कुणी विचारत नाही. आयपीएलमध्ये मात्र खेळाडूच्या संमतीशिवाय ट्रेड होत नाही. शिवाय पत्रात ट्रेड आणि लिलाव यांची सरमिसळ आहे. महिलांच्या लीगचेच पाहा: स्मृती मानधनाला बंगळूरुने २०२३ मध्ये ३ कोटी ४० लाखांना घेतले ते लिलावात. तिच्याच संघात पुढे डॅनी वायट-हॉज यूपी वॉरियर्झकडून आली, तो ट्रेड. त्यात बोली नसते.

‘पूर्वी निष्ठा होती’ हे तर सांगलीकराने म्हणूच नये. सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंनी १९३९-४० च्या रणजी हंगामात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या आणि पुढे ते बडोद्याकडूनच खेळू लागले. १९४७ च्या अंतिम सामन्यात गुल महंमदबरोबर ५७७ धावांची भागीदारी केली, तीही बडोद्यासाठी. त्यांना कुणी बाजारू म्हटल्याचे ऐकिवात नाही.

राहिला पत्रातला ट्रेडच्या मुदतीआधीच्या अफवांचा मुद्दा. त्या चघळतो आपणच, साताऱ्यात राजवाड्यावर आणि सांगलीत भेळेच्या गाडीवर. त्याचे खापर खेळाडूंवर कशाला?

– एक वाचक, सातारा